कोमट बॉनेट

नव्वद लाख तुगरुग ऐकायला डोंगर वाटतात,
उशीखाली ठेवले तर मानसुद्धा अवघडत नाही.

एवढ्यात मिळते ती गाडी पांढरी असते,
जपानात बारा वर्षं राबून आलेली.
सुरू केली की आतली बाई नम्रपणे काहीतरी सांगते.
काय, ते आमच्या गल्लीत कुणालाच कळत नाही.
धाकटीचा नवरा गंखुयाग मेकॅनिक आहे.
तो म्हणतो, सांगत असेल, घेऊ नका.

त्याने चाकावरच्या पत्र्यावर बोट वाजवून पाहिलं,
एका ठिकाणी आवाज बद्द आला.
नवा रंग, म्हणाला. खाली काय ते देव जाणे.
बॅटरी एक हिवाळा काढेल. कदाचित दोन.
मी विचारलं, तू घेतली असतीस?
तो हात पुसत राहिला, आधीच स्वच्छ असलेले.

वडील दात बघून घोड्याचं वय सांगायचे.
आठाचा म्हणून घेतलेला एक पंधराचा निघाला,
कुणीतरी त्याचे दात कानशीने घासले होते.
त्यांनी तो विकला नाही.
फसलो मी, म्हणायचे, त्यात त्याचा काय दोष?
इथे मीटरवर त्र्याऐंशी हजार
आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत.
कानस काय, बाजारात कुठेही मिळते.

बालवाडीत साडेसहाला दूध उकळायला ठेवावं लागतं.
पाच वीसची बस कधी पाच वीसला येते,
कधी येतच नाही, आणि उणे तीसमध्ये
पापण्या एकमेकींना चिकटतात.
नंबराचा शेवटचा आकडा सहा,
म्हणजे आठवड्यातून एक दिवस तशीही बसच.
हे सगळं मी वहीत मांडलं,
पेट्रोल, टायर, विमा, अनुदारीचे बूट,
आणि बेरीज तीनदा चुकली,
तिन्ही वेळा गाडीच्या बाजूने.

तुवशिनला सांगितलं,
रात्रभर उघड्यावर ठेव, हात लावू नकोस.
सकाळी माझ्यासमोर चालू कर.
गाडी बर्फात आणि मोल बाहेर,
असला व्यवहार मला करायचा नाही.
हो म्हणाला. पोरगाच आहे, पंचविशीचा.

सहाला पोचले. हातमोजा काढला.
बॉनेटवर तळवा ठेवला.
कोमट.

काही बोलले नाही. बाकी सगळ्या गाड्यांवर
बोटभर दव गोठलं होतं, हिच्यावर नव्हतं.
त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग जमिनीकडे.
रात्री दोनला बायकोच्या पोटात कळा आल्या, म्हणाला.
उणे एकतीस होतं. पहिल्या झटक्यात सुरू झाली, ताई.
मुलगी झाली.

विकणारा माणूस असंच काहीतरी सांगणार.
माझी आई म्हणायची, खोटं बोलणारा
आकडा नेमका सांगतो.
मी मागचं दार उघडलं, सीट तपासायच्या निमित्ताने.
खाली पायाशी निळ्या प्लॅस्टिकचं
हॉस्पिटलातलं बुटावरचं आवरण,
एकच, उलटं झालेलं, ओलं.
त्याला ते तिथे असल्याचं माहीत नव्हतं.
काचेच्या कोपऱ्यात कुण्या जपानी मुलाने चिकटवलेलं
सशाचं स्टिकर, अर्धं नखाने खरवडलेलं.

मग विकतोस का, विचारलं.
त्याने खांदे उडवले. घरभाडं.

बाई काहीतरी बोलली, नम्रपणे.
इंजिन जरा खोकलं, थरथरलं, मग लागलं.
गंखुयाग अजून आला नव्हता.
त्याची वाट बघायला हवी होती, हे मला आजही पटतं.

मी पाकिटातले वीस लाख मोजून
कोटाच्या आतल्या खिशात घातले. बॅटरीचे.
खिशाची चेन ओढून घेतली
आणि उरलेल्या सत्तरावर
बोलायला सुरुवात केली.